या वयात दुर्बीण कशाला?

मागच्या खेपेला आपण मूळव्याधीवर बोललो. त्यानंतर श्रोत्यांचे बरेच निरोप आले. बहुतेकांना औषधाचे नाव हवे होते. बोरिवलीच्या एका बाईंचा निरोप मात्र वेगळा होता. त्यांनी लिहिले होते, 'माझे सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सहा महिन्यांपासून शौचावाटे अधूनमधून रक्त जाते. मूळव्याध जुनीच आहे. सुरण खाऊन झाला, चूर्ण घेऊन झाले. आता डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली आहे. घरात सगळे म्हणतात, या वयात दुर्बीण कशाला? समजा काही निघाले, तर ऑपरेशन थोडेच करणार आहोत? तुम्ही काय सांगाल?'

आजचा सगळा वेळ मी या एका प्रश्नाला देणार आहे. घाटकोपरच्या माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी तो कानांवर येतो. विचारणारी माणसे काही निष्काळजी नसतात. म्हातारपणी हाल होऊ नयेत, एवढेच त्यांना वाटत असते. पण या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. दुर्बीण ही नुसती तपासणी, ही एक. आणि कर्करोग निघाला तर पोट फाडणे हाच इलाज, ही दुसरी. आपल्या वडिलांच्या पिढीत हे बव्हंशी खरेच होते. आज तसे राहिलेले नाही.

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. त्याच्या आतल्या अस्तरावर कधीकधी मांसाचा छोटा उंचवटा येतो. काही वेळा त्याला अळंबीसारखा देठ असतो, काही वेळा तो सतरंजी अंथरल्यासारखा पसरट असतो. याला आम्ही पॉलिप म्हणतो. साठीनंतर तो पुष्कळांच्या आतड्यात सापडतो, आणि बहुतेक पॉलिप जन्मभर निरुपद्रवी राहतात. त्यातला एखादाच हळूहळू बिघडत जातो आणि त्याचा कर्करोग होतो. याला साधारणपणे दहा वर्षे, कधी त्याहून जास्त काळ लागतो. इतका सवड देणारा कर्करोग दुसरा क्वचितच असेल. पण या सगळ्या काळात पोटात दुखत नाही, भूक कमी होत नाही. थोडे रक्त गेले तर आपण त्याचे खापर मूळव्याधीवर फोडतो. मूळव्याध असते हेही खरे. पण ज्याला मूळव्याध आहे त्याला पॉलिप होत नाही, असा काही नियम नाही. एकाच घरात दोन भाडेकरू राहू शकतात.

दुर्बिणीतून हा पॉलिप नुसता पाहायचा नाही, तर तिथल्या तिथे काढायचा, ही गोष्ट पहिल्यांदा घडली ती १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये. विल्यम वुल्फ आणि जपानमध्ये जन्मलेले हिरोमी शिन्या या दोन शल्यचिकित्सकांनी दुर्बिणीतून तारेचा फास सरकवला, पॉलिपच्या देठाभोवती आवळला आणि विजेच्या साहाय्याने तो कापला. त्याआधी आतड्यातला पॉलिप काढायचा म्हणजे पोट उघडावेच लागे.

तरीही मोठा आणि पसरट पॉलिप फासात येत नसे. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांची गोष्ट वयस्कर श्रोत्यांना आठवत असेल. १९८४ मध्ये त्यांच्या आतड्याच्या खालच्या भागात एक छोटा पॉलिप सापडला होता. पण संपूर्ण आतड्याची दुर्बिणीने तपासणी व्हायला जुलै १९८५ उजाडला. तेव्हा उजव्या बाजूला, आतड्याच्या पार सुरुवातीला, एक मोठा पसरट पॉलिप दिसला. दुर्बिणीतून तो निघण्यासारखा नव्हता. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली, जवळपास दोन फूट आतडे काढावे लागले आणि पॉलिपमध्ये कर्करोग निघाला. रेगन तेव्हा ७४ वर्षांचे होते. पुढे ते ९३ वर्षे जगले. 'या वयात कशाला' असा विचार तेव्हा कोणी केला असता तर काय झाले असते, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

पसरट पॉलिपची अडचण सोडवण्यात सर्वांत मोठा वाटा जपानी डॉक्टरांचा. त्यांनी काय केले हे समजायला भाकरी डोळ्यांसमोर आणा. भाकरी टम्म फुगली की वरचा पापुद्रा खालच्या थरापासून सुटतो. आतड्याच्या भिंतीलाही असेच थर असतात. सर्वांत आत नाजूक अस्तर, त्याखाली एक सैलसर थर, त्याखाली स्नायू. पॉलिप वाढतो तो अस्तरातून. दुर्बिणीतून बारीक सुई घालून त्या सैलसर थरात सलाइनसारखे द्रव आणि थोडा निळा रंग सोडतात. अस्तर पॉलिपसकट फुगून वर येते, खाली निळी गादी तयार होते आणि स्नायू दूर, सुरक्षित राहतो. मग वरचा पापुद्रा तेवढा काढून घ्यायचा. साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतचा पॉलिप असा फुगवून फासाने एका तुकड्यात निघतो. त्याहून मोठ्यासाठी १९९० च्या दशकात टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांनी खास चाकू तयार केला. टोकाला चिनी मातीचा इवलासा मणी, म्हणजे भिंतीत भोक पडू नये. आधी तो जठरासाठी वापरला, नंतर तसल्या साधनांनी मोठ्या आतड्यातही काम सुरू झाले. पॉलिपभोवती गोल चीर घ्यायची आणि खालच्या निळ्या गादीतून तो अलगद सोडवत न्यायचा. आम्ही याला ईएसडी म्हणतो. एक तास लागतो, कधी तीनही लागतात. एप्रिल २०१२ मध्ये जपानच्या सरकारी विम्यात मोठ्या आतड्याच्या ईएसडीचा समावेश झाला.

भाकरीचा एखादा भाग फुगत नाही, तव्याला चिकटल्यासारखा खालीच राहतो, हे पोळपाटापाशी उभे राहणाऱ्या कोणालाही माहीत असते. पॉलिपचेही तसेच. द्रव सोडूनही तो उचलला गेला नाही, तर कर्करोगाची मुळे खालच्या थरात गेली असावीत अशी शंका येते. तिथे जाणकार डॉक्टर हात आखडता घेतो आणि शल्यचिकित्सकाला बोलावतो. न काढण्याचा निर्णय घेता येणे, हीसुद्धा यातली मोठी विद्या आहे.

मी स्वतः साधे पॉलिप काढतो. ईएसडी करीत नाही. आतड्याची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड, जठरापेक्षा पातळ. शंभरात दोन ते पाच जणांना या प्रक्रियेत बारीक छिद्र पडू शकते. बहुतेक वेळा ते लगेच दुर्बिणीतूनच क्लिपा लावून बंद करता येते, पण त्यासाठी हात सरावलेला लागतो. म्हणून मोठा पॉलिप दिसला की मी त्याला उगाच डिवचत नाही. फोटो काढतो आणि हे काम नेहमी करणाऱ्या सहकाऱ्याकडे पाठवतो. अर्धवट कापलेला पॉलिप तिथेच व्रण धरून चिकटतो, मग पुढच्या डॉक्टरालाही तो नीट फुगवता येत नाही.

पॉलिप बाहेर आला की काम संपले, असे नातेवाइकांना वाटते. मला विचाराल तर खरे काम तिथून सुरू होते. काढलेला तुकडा थर्माकोलच्या किंवा बुचाच्या पाटीवर चारी बाजूंनी टाचण्या लावून ताणून बसवतात, नाही तर तो वाळल्या पानासारखा गुंडाळतो. तसाच तो फॉर्मलिनमध्ये जातो. पॅथॉलॉजिस्ट त्याच्या बारीक चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि चार गोष्टी सांगतात. कडा स्वच्छ आहेत का. कर्करोग अस्तराखाली किती खोल गेला आहे. तो रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत शिरला आहे का. आणि त्याच्या पेशी किती बिघडलेल्या आहेत. तुकडा एकसंध असेल तरच याची उत्तरे धड मिळतात. पाच-सहा तुकड्यांत काढला, तर कुठली कड कुठली हे कोण सांगणार?

खोलीचे महत्त्व असे की, अस्तराखालच्या त्या सैलसर थरात लसिकावाहिन्यांचे जाळे असते. कर्करोग त्या जाळ्यात शिरला की आतड्याबाहेरच्या गाठींपर्यंत जाऊ शकतो आणि तिथवर दुर्बीण पोचत नाही. खोली एक मिलिमीटरपेक्षा कमी आणि बाकीचे तीनही मुद्दे अनुकूल असले, तर गाठींत रोग असण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास असते. तिथे दुर्बिणीचा इलाज पुरेसा मानतात. कर्करोग सैलसर थरात उतरलेले सगळे रुग्ण एकत्र धरले, तर गाठींत रोग सापडतो साधारण दहापैकी एकाला. म्हणजे अशा सर्वांचे सरसकट आतडे कापले, तर नऊ जणांचे ऑपरेशन विनाकारण होणार. चाळिशीच्या माणसाला आम्ही सांगतो, करून टाका. ऐंशीच्या माणसाला काय सांगायचे?

दोन माणसांची हकीगत सांगतो.

पहिल्या, घाटकोपर पश्चिमेच्या एका चाळीतल्या आजी. वय ८१. हृदयाची बायपास झालेली, मूत्रपिंडे अशक्त. तीन सेंटिमीटरचा पॉलिप ईएसडीने एकसंध निघाला, तिसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या. रिपोर्टात कडा स्वच्छ, वाहिन्यांत शिरकाव नाही, पण खोली दीड मिलिमीटरहून थोडी जास्त. नियमाने पाहिले तर पुढचे ऑपरेशन सुचवायला हवे. मुलगा म्हणाला, 'डॉक्टर, आईला सांगू नका, आम्हीच ठरवतो.' मी म्हटले, आतडे त्यांचे आहे. आजींना समोर बसवून सांगितले, की खोली सोडली तर बाकी सगळे चांगले आहे, म्हणून गाठींत रोग असण्याचा धोका कमी आहे, पण शून्य नाही. ऑपरेशनचा धोका मात्र तुमच्या हृदयामुळे आणि मूत्रपिंडांमुळे नक्की जास्त आहे. आजींनी विचारले, 'ऑपरेशन नाही केले तर काय करायचे?' म्हटले, ठरलेल्या वेळी दुर्बीण आणि स्कॅन. त्या म्हणाल्या, 'मग ते करू. पण तारखा श्रावणात नको घालूस, माझे उपास असतात.' याला तीन वर्षे होऊन गेली. तारखा श्रावणात घातलेल्या नाहीत.

दुसरे, मुलुंडचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका. वय ७९. यांचा पॉलिप आजींच्यापेक्षा लहान होता, पण रिपोर्टात कर्करोग लसिकावाहिनीत शिरलेला दिसला. हे काका रोज सकाळी तासभर चालतात, भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तीन मजले चढतात. त्यांना मी ऑपरेशन सुचवले. घरच्यांना धक्का बसला. एवढ्या म्हाताऱ्या माणसाचे? त्यांचे दुर्बिणीच्या पद्धतीने, छोट्या छिद्रांतून ऑपरेशन झाले आणि आठवड्याभरात ते घरी आले. काढलेल्या गाठींपैकी एकीत रोग निघाला. तो तसाच राहिला असता.

म्हणजे वय जवळपास तेवढेच, पण सल्ला उलटा. मी हल्ली वयाबरोबर आणखी एक प्रश्न हमखास विचारतो, 'स्टेशनचा पूल न थांबता चढता का?' रक्ताच्या चार तपासण्यांतून कळत नाही ते कधीकधी या उत्तरातून कळते. जपानमधून प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांतही ऐंशीच्या पुढच्या लोकांना दुर्बिणीचा हा इलाज चांगला सोसतो असे दिसले आहे. त्यांना त्रास होतो तो बहुधा सोबतच्या आजारांमुळे.

आता एक गोष्ट सांगतो ती सांगायला जड जाते. माझे मामा अंधेरीला राहत. ७६ व्या वर्षी त्यांचे हिमोग्लोबिन नऊवर आले. त्यांनी मला फोन केला. मी कामात होतो, म्हटले, मामा, वयामुळे खाणे कमी झाले असेल, लोहाच्या गोळ्या घ्या. गोळ्यांनी शौचाला काळे होते, त्यामुळे काळे दिसले तरी त्यांना किंवा मला शंका आली नाही. हिमोग्लोबिन थोडे वाढले, पुन्हा उतरले. दहा महिन्यांनी एका रात्री आतडे पूर्ण अडले आणि घाईने पोट उघडावे लागले. उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ होती. उजवीकडचा कर्करोग लाल रक्त दाखवत नाही. तो महिनोन्‌महिने थेंबथेंब रक्त गमावत राहतो आणि माणूस फक्त फिकट पडतो, थकतो. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेले आहे. दुसरा कोणी रुग्ण असता तर पहिल्याच भेटीत दुर्बीण सांगितली असती. मामा त्या ऑपरेशनमधून उठले, पण वर्ष काढले नाही. तेव्हापासून घरातल्या कुणाला फोनवर औषध सांगत नाही.

दुर्बिणीची भीती वाटते म्हणतात, पण खरा त्रास असतो आदल्या दिवशीचा. आतडे धुऊन निघण्यासाठी पावडर घातलेले दोन लिटर किंवा अधिक पाणी प्यायचे आणि मग दहा-पंधरा वेळा जाऊन यायचे. स्वतंत्र संडास असलेल्या घरात हे ठीक. ज्यांच्या चाळीत दहा बिऱ्हाडांत दोन संडास, जिथे नळाला पाणी ठरावीक वेळेलाच, त्या घरातल्या ऐंशी वर्षांच्या बाईने रात्री काठी टेकत किती वेळा जायचे? पडून खुब्याचे हाड मोडायचे. अशांना मी सरळ आदल्या दिवशी दाखल करतो. तेही जमणार नसेल, तर स्वतंत्र संडास असलेल्या मुलीकडे किंवा भाच्याकडे रात्रीपुरते राहायला जायला सांगतो. निम्मे पाणी पहाटे प्यायला दिले जाते, त्यामुळे तपासणीच्या सकाळी बोरिवलीहून लोकलने येण्याचे धाडस करू नये. रिक्षा करावी, बरोबर कोणीतरी असावे. मूत्रपिंडे अशक्त असतील तर कोणती पावडर घ्यायची हे डॉक्टरनेच ठरवावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन त्या दिवशी किती, हेही विचारून घ्यावे, कारण उपाशीपोटी साखर उतरते. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. ज्याच्या हृदयात स्टेंट आहे त्याने शेजाऱ्याचे ऐकून गोळी थांबवली आणि पॉलिपऐवजी हृदयविकाराने दाखल झाला, असेही घडते. तपासणीच्या वेळी हलकी झोप दिलेली असते. आतडे फुगवायला हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला, तर तो लवकर शोषला जातो आणि नंतर पोट फुगून राहत नाही. पॉलिप काढल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत रक्त जाण्याची शक्यता असते, तेवढे दिवस गावी किंवा यात्रेला जाऊ नये.

मग पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांनीच उठून दुर्बीण करून घ्यावी का? नाही. मुळात आपल्याकडे या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे. १९६३ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या कर्करोग नोंदणीतून, जी देशातली पहिली, हे पूर्वीपासून दिसत आले आहे. सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, आतड्याचा नाही. अमेरिकेतसुद्धा काही त्रास नसलेल्यांची सरसकट तपासणी ७५ पर्यंतच करायला सांगतात, ७६ ते ८५ मध्ये माणूस पाहून ठरवतात आणि पुढे थांबवतात. पॉलिपला बिघडायला दहा वर्षे लागतात, हा हिशेब त्यामागे आहे. मला ते पटते. काही त्रास नसलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या नव्वदीच्या आजोबांना पाणी पाजून छळणाऱ्यांतला मी नाही. पण रक्त जात असेल, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरले असेल, शौचाची वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलली असेल, तर ती चाळणी तपासणी राहत नाही. मग तो आजाराचा शोध असतो, आणि त्याला वयाची अट नाही.

खर्चाचे दोन शब्द. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्यासाठी वेगळे कार्ड काढावे लागते. कोणत्या रुग्णालयात कोणती प्रक्रिया त्यात बसते, हे दाखल होण्याआधी तिथल्या योजना कक्षात विचारावे, नंतर नाही.

तर बोरिवलीच्या बाई, तुमच्या सासऱ्यांची दुर्बीण करून घ्या. निव्वळ मूळव्याध निघाली तर बरेच झाले, सहा महिन्यांची टांगती चिंता जाईल. जाताना मागच्या दोन-तीन वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट न्या, हिमोग्लोबिन कसे उतरत गेले ते त्यात दिसेल. ते रोज घेतात त्या गोळ्यांची सगळी पिशवी न्या, चिठ्ठी नको, पिशवीच न्या. पॉलिप निघाला, तर डॉक्टरांना विचारा की तो एका तुकड्यात निघेल का, आणि नसेल तर ते काम कोण चांगले करते. आणि सासऱ्यांना खोलीबाहेर बसवू नका. जे काही सांगायचे ते त्यांच्यासमोरच सांगायला सांगा.